लांबी शून्य

सातला दहा कमी, डिसेंबर, बाहेर काळोख,
आणि ग्रिम्सबीच्या मासळी बाजारात
लिलावाचं घड्याळ अडकलं
कॉडच्या चौदाव्या खोक्यावर.
दोन पौंड नव्वद.
दोन पौंड नव्वद. तिथंच.

हलवरून यायला मला पाऊण तास लागला,
हंबरच्या पुलावर वारा गाडी ढकलत होता.
पोचले तर पांढऱ्या बुटांतली माणसं
बर्फाशेजारी काखेत हात खुपसून उभी,
आणि सर्व्हर, जो मला वाटलं मेला असेल,
जिवंत. कढत. पंखा पिसाटलेला.
शंभर टक्के कामात,
आणि कुणाचंच ऐकत नव्हता.

काय चोरीला गेलं, नॉर्मन स्टॉथर्डनं विचारलं.
काही नाही.
कुलूप तोडलं?
नाही. बाहेरून एक पाकीट आलं फक्त,
साठेक बाइट्सचं,
पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा.
एवढ्यानं? म्हणाला, आणि खाली गेला.

मी ते उलगडत बसले.
पाकिटाच्या कपाळावर रकाने असतात,
प्रत्येक रकाना आधी आपली जात सांगतो, मग लांबी.
(पहिला प्रश्न मला ओळखीचा होता.)
वाचणारा तेवढी पावलं पुढं जातो
आणि पुढचा रकाना वाचतो.
पस्तीस वर्षं हे बिनतक्रार चाललंय.
या एका रकान्यानं सांगितलं: माझी लांबी शून्य.
वाचणाऱ्यानं मान डोलावली,
शून्य पावलं पुढं गेला,
समोर बघतो तर
एक रकाना. म्हणाला, माझी लांबी शून्य.

मला त्या वाचणाऱ्याचा राग येईना.
सेकंदाला तीस कोटी वेळा
त्यानं तितक्याच अदबीनं विचारलं होतं, तू केवढा?
आणि एकदाही आवाज चढवला नव्हता.

आवाज खालून येत होता.
नॉर्मननं खोकं पालथं घालून त्यावर उभं राहून
लिलाव तोंडानं सुरू केला होता.
वय एकाहत्तर. हल्ली त्याच्याकडे चहा आणि चाव्या.
कुणाची भुवई हलली, कुणाची हनुवटी,
कोण नुसताच खोकला,
त्याला सगळं दिसत होतं.
हॅडॉक गेला, प्लेस गेला, अडकलेला कॉडसुद्धा
तीन पौंड दहाला गेला.
नंतर जिन्यात मी म्हटलं, काय आवाज आहे तुझा.
तर म्हणतो, छे, मी आता इथं कोणीच नाही.

दुपारी सापडली ती ओळ.
तिच्या डोक्यावर कुणीतरी कधीकाळी टीप लिहिलेली:
इथं शून्य कधीच येणार नाही.
मी वहीवर चौकोन काढून मोजले.
जात सांगायला एक घर, लांबी सांगायला एक.
म्हणजे मी नाही असं म्हणायलाही
दोन घरं लागतात.
दोनहून कमी सांगणारा खोटं बोलतोय,
कुणी विचारलंच नव्हतं, इतकंच.
दुरुस्ती दोन ओळींची झाली.
जिन्यातलं नॉर्मनचं वाक्य
तेव्हा आठवलं. त्याला सांगितलं नाही,
हिशेब त्याला आवडला नसता.

पुढचे नव्वद दिवस गप्प राहायचं ठरलं,
दुरुस्ती सगळीकडे पोचेपर्यंत.
त्यातल्या एका मंगळवारी
क्लीथॉर्प्सच्या दवाखान्यात दाढ काढायला गेले.
काउंटरमागं, कुंडीच्या आडोशाला,
तोच डबा, तेच जुनं पोट, हिरवा दिवा.
येईल त्याला मान डोलावणारा.
रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली,
आज बरं आहे, कालपासून संगणक सारखा अडकत होता,
तुम्हाला यातलं काही कळतं का हो?

तोंडात कापूस होता.
बरंच झालं.